आवारात दिशादर्शक पाट्या आणि नकाशे लावायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

कंपासपेटी
नमस्कार मंडळी,
आमच्या संस्थेचं आवार मोठं आहे. चार महाविद्यालयं, दोन वसतिगृहं, ग्रंथालय, सभागृह, छोटा दवाखाना, मैदान आणि मधूनमधून उगवलेल्या इमारती. फाटकं तीन. बाहेरून आलेला माणूस हमखास चुकतो, मग तो प्रवेशासाठी आलेला मुलगा असो, पालक असो की बाहेरचा परीक्षक. आता यासाठी समिती नेमली आहे आणि "मॅडम, तुम्हाला दिशा चांगल्या कळतात" असं म्हणून काम माझ्या गळ्यात मारलं गेलंय. (मी रसायनशास्त्र शिकवते.)

समितीचं म्हणणं असं: मुख्य फाटकाशी एक मोठा नकाशा आणि प्रत्येक वळणावर बाणाची पाटी. साठ पाट्या, हा आकडाही कुणीतरी ठरवून टाकलाय. हे सगळं उलट्या टोकानं चाललंय असं मला वाटतंय, पण नेमकं काय चुकतंय ते बैठकीत सांगता आलं नाही. किती पाट्या, अक्षरं केवढी, नकाशा कुठे, आणि उन्हापावसात टिकतं काय? कुणी असं काम केलं असेल तर कृपया लिहा.

दिशाहीन
रुमाल टाकून ठेवतो.
आमच्याकडे साठ पाट्या आहेत. त्यातल्या अठ्ठावन्न 'येथे वाहने लावू नयेत'. उरलेल्या दोन वाहनांमागे झाकल्या गेल्यात.

पायवाट
कंपासपेटी, तुमची शंका रास्त आहे. पाट्यांचं काम पाट्यांपासून सुरू करायचं नसतं, नावांपासून करायचं असतं.

अशाच एका कामात मी होते. त्या आवारात 'नवी इमारत' होती आणि तिच्यानंतर आणखी सहा इमारती बांधून झाल्या होत्या. तिच्या दर्शनी भिंतीवर देणगीदाराचं नाव, पावतीवर 'प्रशासकीय संकुल', पहारेकऱ्यांच्या तोंडी 'खजिना' (पूर्वी फी तिथे भरायचे म्हणून) आणि विद्यार्थ्यांना जाणाऱ्या पत्रात 'सी ब्लॉक'. आम्ही तिच्यासमोर देखणी पाटी उभी केली. देणगीदाराचं पूर्ण नाव, आडनावासकट. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा पत्र हातात धरून त्या पाटीला टेकून उभा होता आणि मला विचारत होता, "सी ब्लॉक कुठाय?"

तेव्हा आधी एक तक्ता करा. डावीकडे इमारती, पुढच्या रकान्यांत ती इमारत कुठे कुठल्या नावानं येते: हॉलतिकिटावर, संकेतस्थळावर, निमंत्रणात, फोनवर उत्तर देणाऱ्यांच्या बोलण्यात. पाहुण्याच्या हातातल्या कागदावर जे नाव आहे तेच पाटीवर हवं. जुळत नसेल तर दोन्हींपैकी एक बदला, पण पाटी रंगवायला द्यायच्या आधी.

उजवीकडून_तिसरा
पायवाटताईंशी सहमत, पण नावांवरून समितीत दोन वर्षं भांडणं होतील. सरळ क्रमांक द्या. क्रमांकाला आडनाव नसतं.

निवृत्त_भूमापक
क्रमांक द्या, पण बांधकामाच्या क्रमाने देऊ नका, ही हात जोडून विनंती. मी पाहिलेल्या बहुतेक आवारांत ७ च्या शेजारी २३ आणि २३ च्या मागे ४ असते, कारण ती त्या क्रमाने उभी राहिली. पाहुण्याला त्या इतिहासाशी काय देणेघेणे?

आवाराचे चार-पाच भाग पाडा, भागाला अक्षर द्या आणि भागातल्या इमारतींना वाटेच्या ओळीने अंक द्या. मध्ये अंक मोकळे सोडा. म१, म३, म५. उद्या मध्ये कोणी इमारत उठवली तर म४ तयार आहे. उठवणारच आहेत.

शिरोरेखा
भूमापककाकांना अनुमोदन. एक भर घालते. अक्षरं निवडताना लांबून एकसारखी दिसणारी जोडी टाळा. व आणि ब, घ आणि ध, प आणि ष. वीस पावलांवरून पोटातली तिरकी रेघ दिसत नाही आणि माणूस 'व' विभागाऐवजी 'ब' विभागात जाऊन बसतो. सविस्तर रात्री लिहिते.

पायवाट
चिन्हांचाही विचार करा. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र दिलं होतं, वाचता न येणाऱ्यालाही आपलं स्थानक ओळखता यावं म्हणून. चापुल्तेपेक या नावाचा अर्थच टोळांची टेकडी, तर त्या स्थानकाला टोळ. लोक "टोळाला उतर" असं सांगू शकतात. अर्थात आवारातल्या प्रत्येक खोलीला चित्र काढत बसू नये, पण चार-पाच विभागांना जमेल.

दिशाहीन
आमच्या लेखा विभागासाठी कासव सुचवतो.

उजवीकडून_तिसरा
@दिशाहीन, कासव पोचतं. त्याचा अपमान नको.

शिरोरेखा
आले. मी गेली बारा वर्षं पाट्यांचीच कामं करते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

'प्रत्येक वळणावर पाटी' हे ऐकायला बरं वाटतं, पण रस्ता नुसताच वळत असेल आणि दुसरीकडे जायला वाटच नसेल तर तिथे पाटी कशाला? पाटी हवी जिथे माणूस थबकतो. फाटा, तिठा, चौक, पायऱ्या आणि उतार वेगळे होतात ती जागा. आणि वाहनतळ. ही जागा दर वेळी विसरली जाते. गाडीवाल्याला आपण फाटकापासून वाहनतळापर्यंत बाण दाखवत नेतो, तो गाडी लावतो, दार उघडून उतरतो आणि आता तो पादचारी असतो. त्याच्यासाठी तिथे काहीच नसतं.

काम करायची रीत सोपी आहे. आवाराचा आराखडा हातात घ्या, एका फाटकाशी उभ्या राहा, एक ठिकाण मनात धरा आणि चालायला लागा. जिथे दोन वाटा दिसतील तिथे आराखड्यावर टिंब. पोचलात की परत या आणि दुसरं ठिकाण धरा. तिन्ही फाटकांपासून महत्त्वाच्या सगळ्या ठिकाणांपर्यंत. कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्या दिवसापासून टिंबं एकमेकांवर पडायला लागतात. जिथे गर्दी होते तिथे खांब. तो आकडा साठ येईल, वीस येईल, आधी सांगता येत नाही. मग प्रत्येक टिंबाला क्रमांक देऊन एक तक्ता: कोणत्या बाजूनं येणाऱ्याला काय दिसायला हवं, कुठला बाण, कुठली नावं. हा तक्ता झाला म्हणजे खरं काम झालं. बाकीचं पेंटर आणि फॅब्रिकेटर करतात.

दोन पथ्यं. एक, नाव एकदा पाटीवर आलं की पोचेपर्यंत पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या जागी ते आलंच पाहिजे. पहिल्या चौकात 'ग्रंथालय' आणि दुसऱ्या चौकात गप्प, असं झालं तर माणसाला वाटतं आपणच चुकलो, आणि तो बरोबर आलेला असूनही मागे फिरतो. दुसरं, फाटकाशी सगळी नावं ओतू नका. तिथे फक्त विभाग, विभागात शिरल्यावर इमारती, इमारतीपाशी दारं. एका खांबावर पाचेक नावांच्या वर गेलात की लोक वाचणं सोडून पहारेकऱ्याकडे वळतात.

आणखी एक करून बघा. आवारात रोज वावरणाऱ्या दहाबारा जणांना कोरा कागद द्या आणि न बघता आवाराचा नकाशा काढायला सांगा. केविन लिंच या नगररचनाकारानं बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमध्ये लोकांकडून असेच नकाशे काढून घेतले होते आणि १९६० मध्ये मांडलं की शहर माणसाच्या डोक्यात पाच गोष्टींनी साठतं: वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा. तुमच्या कागदांवर जी खूण सगळेच काढतील, पाण्याची टाकी म्हणा, मोठं झाड म्हणा, ती नकाशात ठसठशीत हवी. समितीला ती महत्त्वाची वाटो न वाटो.

कंपासपेटी
शिरोरेखाताई, साष्टांग. वाहनतळाचं वाचून चपापले. आमच्याही यादीत तिथे काहीच नाही.

बिनचूक_काका
इतका खटाटोप कशासाठी ते समजले नाही. माणसाला तोंड दिले आहे. विचारावे.

उजवीकडून_तिसरा
काका, विचारलं की उत्तर काय येतं ठाऊक आहे ना? "हे काय, समोरच. सरळ जा, मग डावीकडे, आणि तिथे कुणालाही विचारा."

दिशाहीन
आणि सांगणाऱ्याचा हात उजवीकडे.

रात्रपाळी
मी पहारेकरी आहे, मोठ्या आवाराच्या फाटकावर. नऊ वर्षं झाली. वाचत असतो, लिहीत नाही. लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

काकांना सांगायचं होतं की विचारतात ते आम्हालाच. दिवसाला इतके जण की माझा सोबती बोलतच नाही, नुसता हात करतो. आमच्या फाटकावर मोठा नकाशा आहे, रंगीत. लोक त्याच्यासमोर उभे राहतात, बघतात, आणि मग वळून माझ्याकडेच येतात. का, ते मी बघत आलो. एक तर नकाशा रस्त्याच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून आहे, म्हणजे वाचायला गाड्यांच्या वाटेत उभं राहावं लागतं. मागून भोंगा वाजला की माणूस बाजूला होतो. दुसरं, त्यावर 'आपण येथे आहात' असा लाल ठिपका होता. सगळे त्याच्यावर बोट ठेवतात. बोटं लागून लागून ठिपका गेला, खालचा नकाशाही गेला, आता तिथे नाण्याएवढा पांढरा पत्रा दिसतो. सगळं आवार आहे, फक्त आम्ही उभे आहोत ती जागा नाही.

मॅडम, तुम्ही पाट्या करायच्या आधी फाटकावर एक वही ठेवा. कोण काय विचारतं, त्याची रेघ मारा. आठवडाभर. तुमच्या यादीतलं अर्धं कुणी विचारत नसेल.

आणि रात्रीचं बघा. रुग्णवाहिका रात्री येते. दवाखान्याचं मोठं दार पुढे असतं, ते रात्री बंद. चालू दार मागे. पाटी पुढच्या दाराचीच. आम्हाला गाडीपुढे धावावं लागतं.

पायवाट
दादा, या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. नियमित लिहा हो.

कंपासपेटी
रात्रपाळीदादा, वही उद्यापासूनच ठेवते. खूप खूप आभार.

आडवाटेचा
नकाशाचा विषय निघालाच आहे तर: नकाशात उत्तर वर हवी. हल्ली कुठेही वाटेल तसा फिरवून लावतात, त्याचा वैताग येतो.

शिरोरेखा
@आडवाटेचा, हातातल्या कागदावर उत्तर वर, मान्य. पण जमिनीत रोवलेला नकाशा वाचणाऱ्याला फिरवता येत नाही. तो दक्षिणेकडे तोंड करून उभा असेल तर त्याच्या डावीकडची इमारत नकाशात उजवीकडे दिसते. मार्व्हिन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात यावर प्रयोग केले होते. नकाशा समोरच्या दृश्याशी जुळवून लावलेला नसेल तर लोक नुसते गोंधळत नाहीत, बरेचसे चुकीच्या दिशेनं आत्मविश्वासानं चालू लागतात. म्हणून उभ्या नकाशात 'समोर ते वर' हवं. तुमच्या पुढ्यात जे आहे ते नकाशात वरच्या बाजूला. लंडनमध्ये पादचाऱ्यांसाठी जे खांब २००७ पासून उभे राहिले त्यांवरचे नकाशे असेच फिरवलेले आहेत, शिवाय पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल त्याचं वर्तुळही काढलेलं असतं. आवारासाठी हे वर्तुळ फार कामाचं. पाच मिनिटं म्हणजे साधारण चारशे मीटर.

निवृत्त_भूमापक
शिरोरेखाताई, प्रयोग मान्य, पण दुसरी बाजूही ऐका. पाच ठिकाणी नकाशे आणि पाचही वेगवेगळ्या दिशांना फिरवलेले, मग रोज येणाऱ्याच्या डोक्यात आवाराचा एक आकार कधी बसायचा? आणि प्रत्यक्ष अडचण सांगतो. बसवणारा गडी तिसऱ्या खांबाचा नकाशा पाचव्याला लावतो. उत्तर वर असलेला नकाशा चुकीच्या खांबाला लागला तर फक्त ठिपका चुकतो. फिरवलेला नकाशा चुकीच्या खांबाला लागला तर सगळे जग चुकते. असे एके ठिकाणी घडलेले मी पाहिले आहे आणि आठ महिने कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आडवाटेचा
+१ काका.

शिरोरेखा
काका, हा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. आम्ही नकाशाच्या मागच्या बाजूला खांबाचा क्रमांक आणि तोंडाची दिशा कायमच्या रंगानं लिहितो, आणि बसवल्यावर एकानं नकाशाचा फोटो त्याच जागेवरून समोरच्या दृश्यासकट काढायचा, हा दंडक. नकाशावर उत्तरेचा बाण असतोच. पण पाहुणा एकदाच येतो, रोजचा माणूस नकाशा बघतच नाही. ज्याला गरज आहे त्याच्या बाजूनं मी.

निवृत्त_भूमापक
बरे. पण संकेतस्थळावर आणि छापील पत्रकात उत्तर वर. तिथे हटणार नाही.

शिरोरेखा
तिथे मीही नाही हटणार. 🙂

गंजलेला_खांब
उशिरा आलो. अक्षरं आणि टिकाऊपणा राहिलंय, ते घेतो. बांधकाम विभागात आहे, पाट्या पडल्या की फोन मला येतो.

अक्षर: पायी चालणाऱ्यासाठी इंग्रजी अक्षराची उंची दर तीन-साडेतीन मीटर अंतराला एक सेंटीमीटर असा ढोबळ हिशेब चालतो. वाहनवाल्यासाठी वेळ धरा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या आसपास. तीन ओळी वाचून निर्णय घ्यायला चार सेकंद दिले तर त्यानं तेहतीस मीटरवरून वाचायला सुरुवात केली पाहिजे, म्हणजे अक्षर दहा सेंटीमीटर. चालणाऱ्याची आणि वाहनवाल्याची पाटी एकच करू नका, दोघांचंही नुकसान होतं.

वारा: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सूत्र साधं, ०.६ गुणिले वेग गुणिले वेग. सेकंदाला ४० मीटरच्या वादळात चौरस मीटरला ९६० न्यूटन. दोन मीटर बाय एक मीटरची पाटी असेल तर जवळजवळ दोनशे किलो वजनानं कुणी तिला आडवं ढकलतंय असं समजा, आणि तेही खांबाच्या वरच्या टोकाला. दीड फूट खड्डा काढून माती लोटलेला खांब मग तिथे राहत नाही. पाया अभियंत्याकडून काढून घ्या, बेसप्लेट (खांबाच्या तळाची पोलादी प्लेट) आणि अँकर बोल्ट (पायात रोवलेले बोल्ट) वापरा, म्हणजे गाडीनं ठोकला तरी खांब बदलता येतो, पाया फोडावा लागत नाही.

रंग: लाल आधी उडतो. उन्हात सगळ्यात आधी. महत्त्वाची गोष्ट लाल रंगात लिहायची हौस असेल तर दोन वर्षांनी तीच दिसेनाशी होते. (रात्रपाळीदादांचा ठिपका बोटांनी गेला नसता तर उन्हानं गेला असता.) रात्री गाड्यांसाठी रेडियमची शीट लावा, पण ती दिव्याच्या उजेडात चमकते, नुसत्या चांदण्यात नाही. पायी चालणाऱ्याच्या हातात हेडलाइट नसतो, त्याच्यासाठी जवळ दिवा हवाच.

आणि फ्लेक्स नको. कृपया. कुठल्याही कारणासाठी.

शिरोरेखा
खांबदादा, अक्षरांचा हिशेब इंग्रजीचा आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. देवनागरीत तोच आकडा जसाच्या तसा घेतला की फसगत होते. आपल्याकडे शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. पाटीवाला इंग्रजी ओळीएवढ्या जागेत मराठी ओळ कोंबतो, मग सगळं सामावण्यासाठी मूळ अक्षराचा गाळाच लहान होतो. उंची मोजायची ती शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत, वेलांटीसकट नाही. ओळींमध्ये जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. आणि जाड ठसा नको. ठसा जाडावला की 'क्ष' आणि 'द्य' यांच्या पोटातली जागा बुजते आणि लांबून नुसता काळा गोळा दिसतो.

इंग्रजी ओळ सगळी मोठ्या लिपीत लिहू नये, हेही जाता जाता. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅलव्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्या नव्यानं आखल्या, त्या १९६५ पासून लागू झाल्या. त्यांनी ठिकाणांची नावं लहान-मोठ्या लिपीत लिहिली, कारण शब्दाचा आकार उंचसखल असला की लांबून लवकर ओळखू येतो. नमुने बागेत झाडांना टेकवून लांबून बघायचे, इतकी साधी चाचणी. कंपासपेटी, तुम्हालाही झाडं असतीलच.

दिशाहीन
देवनागरीत मोठी लिपीच नाही, त्यामुळे ओरडायची सोय नाही. सभ्य लिपी.

पांढरी_काठी
मला दिसत नाही, पडदावाचकावरून धागा ऐकतोय. अठ्ठ्याण्णव टक्के धागा डोळ्यांबद्दल आहे, ते साहजिकच आहे, तक्रार नाही. दोन-तीन गोष्टी टाकतो.

पहिली. दोन खांबांच्या मध्ये छातीच्या उंचीवर लावलेली पाटी माझ्यासाठी पाटी नसते, ती कपाळमोक्ष असते. काठी जमिनीलगत फिरते, पाटीच्या खालून निघून जाते, आणि मी पाटीवर. पाटीची खालची कड गुडघ्याच्या जरा वरपर्यंत तरी खाली आणा, म्हणजे काठीला लागेल, नाहीतर दोन मीटरच्या वर न्या. मधलं काही नको. वळणावर कडेला डोकावणारे कोपरे तर अजिबात नकोत.

दुसरी. एका ठिकाणी मला अभिमानानं सांगितलं गेलं की सगळ्या पाट्यांवर ब्रेल आहे. मी विचारलं, कुठे आहे? "हे काय, वर." वर म्हणजे आठ फुटांवर. मी हात वर करून उडी मारली. तेही हसले, मीही हसलो. ब्रेल दाराशी, हाताच्या उंचीवर, दर वेळी एकाच बाजूला. भर रस्त्यात पाटीचा खांब शोधत कुणी अंध माणूस फिरत नाही.

तिसरी, पायाखालच्या फरशा. सेइची मियाके या जपानी गृहस्थानं १९६५ मध्ये या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, उंचवट्यांचे ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. पट्ट्या विजेच्या खांबात नेऊन संपवू नका. हसू नका, संपवतात.

कंपासपेटी
काठीदादा, दोन मीटरचं थेट तक्त्यात घातलं. आमच्या जुन्या पाट्यांपैकी तीन अगदी तुम्ही म्हणता तशाच आहेत. त्या नव्यांची वाट न बघता काढायला सांगते.

उजवीकडून_तिसरा
एवढं सगळं करण्यापेक्षा प्रत्येक खांबावर क्यूआर कोड लावा आणि मोकळे व्हा. जग कुठे चाललंय!

गंजलेला_खांब
जग क्यूआर कोडच्या समोर उभं आहे आणि रेंज येत नाहीये.

पायवाट
गमतीचा भाग सोडा, फोनवरचा नकाशा लोक वापरणारच, तेव्हा तो बरोबर करणं हाही या कामाचाच भाग आहे. मोकळ्या आभाळाखाली फोनमधलं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत ठिकाण दाखवतं, पण उंच इमारतींच्या मधे ते भरकटतं, मग तुम्ही इमारतीच्या पुढे आहात की मागे हेच कळत नाही. दुसरं म्हणजे फोनला इमारत माहीत असते, दार माहीत नसतं. माणूस मागच्या कुंपणाशी पोचतो आणि फोन म्हणतो, पोचलात. ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा २००४ पासून आहे, त्यात कुणीही भर घालू शकतं, आणि इमारतीच्या कडेवर दार स्वतंत्र बिंदू म्हणून नोंदवता येतं. पायवाटा, पायऱ्या, उतार हेही. दोन विद्यार्थ्यांना लावा, सुट्टीत होऊन जाईल.

आणि हिरवळीतून पडलेल्या पायवाटा नकाशात दाखवा. लोक कुठून चालतात ते गवत सांगतं. (माझं सदस्यनाव तिथूनच आलंय.)

बिनचूक_काका
मी आजही विचारीनच.

कंपासपेटी
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. धागा वर काढते, क्षमस्व.

वही ठेवली. तिन्ही फाटकांवर, आठवडाभर. पहारेकऱ्यांनी आनंदानं रेघा मारल्या, एकानं तर स्वतःचे शेरेही लिहिलेत ('गृहस्थ तिसऱ्यांदा आले'). सर्वांत जास्त रेघा कशावर असतील? आमच्या साठ पाट्यांच्या यादीत नसलेल्या गोष्टीवर: फी भरायची खिडकी. ती इमारतच नाही, एका इमारतीच्या कडेची खिडकी आहे. त्यानंतर परीक्षा विभाग, मग स्वच्छतागृह. आणि चौथ्या क्रमांकावर जे आलं ते वाचून मी वही मिटून बसले: "बाहेर कुठून पडायचं?" आमचे सगळे बाण आत नेणारे होते. बाहेरचा एकही नव्हता. समितीतल्या नऊ जणांपैकी कुणालाही ते सुचलं नाही, कारण आम्हाला सगळ्यांना बाहेरची वाट पाठ आहे. उलट 'संचालक निवास'साठी सात पाट्या होत्या आणि आठवडाभरात एकानंही ते विचारलं नाही.

मग शिरोरेखाताईंच्या रीतीनं चालले. टिंबं पडली, खांब आले सव्वीस. पुठ्ठ्यावर छापलेले कागद चिकटवून खोट्या पाट्या केल्या आणि झाडांना, दिव्याच्या खांबांना बांधल्या. पहिल्या वर्षाच्या, आवारात नुकत्याच आलेल्या मुलांना एकेक पत्र दिलं आणि सोडलं. कुणाला विचारायचं नाही ही अट. मी वीस पावलं मागे. एका मुलीनं चौथ्या खांबापर्यंत न थांबता चाल केली आणि तिथे थांबली. पाटी बघितली, पत्र बघितलं, पुन्हा पाटी. मी मनात म्हटलं, बाण चुकला. जवळ गेले तर कळलं की आम्ही 'परीक्षा विभाग' लिहिलंय आणि पत्रात 'परीक्षा कक्ष' आहे. पायवाटताई, तुम्ही अगदी पहिल्या प्रतिसादात हेच सांगितलं होतं आणि तक्ता मी केलाही होता. तरी निसटलं. पत्राचा मजकूर बदलून घेतला, पाटी तशीच ठेवली.

पावसानं पुठ्ठे दोन दिवसांत गळून पडले, पण तोवर अकरा चुका सापडल्या होत्या. त्यातला एक बाण भिंतीकडे होता.

रात्रपाळी
वही चालली हे वाचून बरं वाटलं मॅडम. तिसऱ्यांदा आलेल्या गृहस्थांचं काय झालं?

कंपासपेटी
दादा, ते पोचले होते. पहिल्याच वेळी. खिडकीवर पाटी नव्हती म्हणून त्यांना कळलं नाही.

गंजलेला_खांब
सव्वीस खांबांत पाच-सहा जादा पट्ट्यांची सोय ठेवा. विभाग जागा बदलतात. नावाची प्रत्येक पट्टी सुटी, स्क्रूनं बसणारी. पूर्ण पाटी बदलायची वेळ आली की कुणी बदलत नाही, त्यावर कागद चिकटवतात.

कंपासपेटी
घातलं तक्त्यात. आता एकच प्रश्न उरलाय आणि तो जाणकारांपुढे ठेवते. समितीला मुख्य नकाशाच्या वरच्या भागात संस्थापकांचं मोठं छायाचित्र हवंय, आणि त्यासाठी मैदान थोडं लहान दाखवा म्हणतात.

आडवाटेचा
उत्तर वर, हे मी मघाशीच म्हटलं होतं. छायाचित्र नव्हे.

निवृत्त_भूमापक
मैदान लहान दाखवू नका. छायाचित्र पाटीच्या मागच्या बाजूला लावा आणि समितीला सांगा की ते बाहेर जाणाऱ्यांसाठी आहे.

दिशाहीन
भूमापककाकांना अनुमोदन. खाली बाणही काढा, 'बाहेर पडण्याचा मार्ग'. दोन कामं एका खांबात.